बाटली सोडवायची, पण हातात काय द्यायचे?



नाताळच्या आधी आपल्याकडे भेटवस्तूंची खोकी येतात. या वेळी आलेल्या एका खोक्यात लहान मुलांचे स्वेटर, टॉवेल, साबण यांच्याबरोबर सहा दूधबाटल्या होत्या, नव्याकोऱ्या, पाकिटबंद. सावर्ड्याला खोकी उतरवून यादी करताना आम्ही त्या बाजूला काढल्या आणि पोचपावतीत तसे कळवले. चार दिवसांनी पाठवणाऱ्या भगिनींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण त्या दुखावल्या होत्या. "लहान बाळांसाठीच घेतल्या होत्या हो. वाडीतल्या बाळांना नाही द्यायच्या तर कुणाला द्यायच्या?"

फोनवर मी जेवढे सांगितले ते अपुरे होते. म्हणून हा लेख.

आधी कबुली देते. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच वाडीवर बाटल्या वाटल्या होत्या. बाळंतिणीसाठी एक पिशवी तयार केली होती. त्यात दुपटे, टोपरे, तेलाची बाटली आणि एक दूधबाटली असे. वाटताना फोटोही काढले. बाटली ही बाळाची वस्तू, ती पिशवीत हवीच, एवढाच विचार तेव्हा होता. त्या पिशवीतल्या बाटल्या पुढे कुठे गेल्या आणि त्यांत काय भरले गेले, हे पाहायला मात्र आम्ही लगेच गेलो नाही. गेलो तेव्हा पहिली मुले दीड-दोन वर्षांची झाली होती.

गेल्या गणपतीनंतर एका कातकरी वाडीत पाहिलेला मुलगा त्या मुलांसारखाच. वय बावीस महिने. वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात. सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बसलेला आणि तोंडात बाटली. बाटलीत कोरा चहा. निपलाचे भोक ब्लेडने कापून मोठे केलेले, कारण चहात बिस्कीट विरघळवले की ते बारीक भोकातून येत नाही. मुलाला हसवल्यावर दिसले की वरचे पुढचे चारही दात तपकिरी होऊन हिरडीपाशी झिजले आहेत. खालचे दात मात्र पांढरे स्वच्छ. आजी म्हणाली, "कीड लागली ताई. पण दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत."

आजीचे चुकले असे मला वाटत नाही. मुलाची आई सकाळी सहाला कामावर जाते. आजीला नीट दिसत नाही. उरली सात वर्षांची मुलगी. तिने भावाला भरवायचे, झोपवायचे, रडला तर उगी करायचे. एवढ्या लहान हातांना पेलेल असे साधन त्या घरात एकच होते.

आपल्या भागाबद्दल नव्या वाचकांसाठी दोन शब्द. सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि कोकण रेल्वेवरचे गाव. कात तयार करण्याच्या धंद्यासाठी ते ओळखले जाते. खैराच्या लाकडापासून कात काढायचे कौशल्य ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांचे नावच कातकरी पडले. जंगलाचे कायदे आले, खैर हातचा गेला आणि कातकरी कोळसाभट्टी, वीटभट्टी, मोळी, मासेमारी, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी यांवर आले. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना शासन विशेष असुरक्षित आदिम जमाती मानते, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की बरीच कुटुंबे भट्टीवर जातात आणि आगोटीच्या आधी परततात. भट्टीवर आई-बाप दोघांचे हात मातीत असतात. बाळ बाजूला फडक्यावर.

बाटली वाडीत शिरली ती या फडक्यावर. तिचा खरा गुण असा की ती बाळाच्या हातात देऊन मोठ्या माणसाला निघून जाता येते.

आपल्या आज्यांच्या घरात बोंडले असायचे, काहींना आठवत असेल. पितळेचे किंवा चांदीचे, चोच असलेले छोटे भांडे. बाळाला मांडीवर घ्यायचे, चोच ओठाशी लावायची, थोडे थोडे दूध ओतायचे, बाळाने गिळले की पुन्हा. बोंडले बाळाच्या हातात देऊन कुणी उठून जाऊ शकत नसे. भरवणारे माणूस तिथे बसलेलेच असले पाहिजे. वाटी-चमच्याचेही तसेच. बाटलीने ही अट काढून टाकली, आणि बाटलीचे बहुतेक सगळे दोष तिथून सुरू होतात.

दातांचे आधी सांगते, कारण ते डोळ्यांना दिसते. दूध असो, चहा असो, सरबत असो, त्यातली साखर तोंडातल्या जंतूंना मिळते आणि ते आम्ल तयार करतात. जागेपणी लाळ ते धुऊन काढते. झोपेत लाळ कमी होते. बाटली तोंडात ठेवून मूल झोपले की गोड पाणी वरच्या पुढच्या दातांमागे साचून राहते. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. त्या मुलाचे वरचे दात गेले आणि खालचे राहिले, त्याचे कारण हेच. सुरुवातीला हिरडीच्या कडेने खडूसारखी पांढरी रेघ दिसते. त्या वेळी लक्ष गेले आणि सवय बदलली तर दात वाचू शकतो. रेघ तपकिरी झाली की पोकळी पडलेली असते.

"पडायचेच आहेत" हे पुढच्या दातांबाबत सहा-सात वर्षांनी खरे ठरते. पण दुधाच्या शेवटच्या दाढा साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर त्यांनीच भाकरी चावायची असते आणि खाली वाढणाऱ्या कायमच्या दातांची जागा धरून ठेवायची असते. दात दुखणारे मूल चावायचे टाळते. मग त्याला पातळ देतात. पातळ म्हणजे पुन्हा बाटली. हे चाक मी किती घरांत फिरताना पाहिले आहे!

दुसरे नुकसान दिसत नाही. बाटलीने पोट भरते, पण अंगाला काही मिळत नाही. वर्षाच्या मुलाचे पोट लहान. त्यात चार बाटल्या गेल्या की भातासाठी जागा उरत नाही. वाडीत त्या बाटलीत चहा असतो, किंवा एका ग्लासाचे तीन ग्लास केलेले दूध. चहामधले टॅनिन अन्नातले लोह शरीराला घेऊ देत नाही. शहरात बाटलीत घट्ट दूध असते, तेही भरपूर. पण गाई-म्हशीच्या दुधात लोह फार थोडे असते आणि दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारे मूल जेवत नाही. म्हणजे गरिबाच्या आणि सुखवस्तूच्या बाटलीत वेगवेगळे असले तरी मूल फिकटच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. याला कारणे अनेक आहेत, एकटी बाटली नाही. पण ज्या घरात आधीच ताटात कमी आहे तिथे जे आहे तेही पोटात जाऊ न देणारी वस्तू आपण खोक्यात भरून पाठवू नये.

तिसरे, पोट बिघडणे. बाटली स्वच्छ ठेवायची तर ब्रश हवा, साबण हवा, उकळते पाणी हवे, आणि हे दर वेळी हवे. निपलाच्या आत दुधाचा थर बसतो तो नुसत्या पाण्याने निघत नाही. जिथे एक हंडा पाणी डोक्यावरून आणायचे तिथे दिवसातून चार वेळा बाटली कोण उकळणार? वाटी राखेने घासली, धुतली, उन्हात पालथी घातली की झाले. तिला कोपरेच नाहीत. आडवे पडून बाटली पिणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या नळीतून दूध कानाकडे जाते आणि कान फुटतो, हेही होते. मोठ्या भोकाच्या बाटलीने ठसका लागतो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्या वाडीची नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूरला रोटरी क्लबपुढे भाषण केले होते. विषय होता गोड आटवलेल्या डबाबंद दुधाचा बाळांसाठी होणारा प्रचार. भाषणाच्या शीर्षकात त्यांनी 'दूध' या शब्दाशेजारी 'खून' हा शब्द ठेवला. समोर बसलेल्या प्रतिष्ठितांना ते कसे वाटले असेल याची कल्पना करा. पुढे सत्तरच्या दशकात जगभर या प्रश्नावर आवाज उठला, त्यात मंडळ्यांनी आणि मिशन दवाखान्यांत काम केलेल्या लोकांनीही भाग घेतला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने दूधपावडर व बाटल्यांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. आपल्याकडे डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय जाळे स्थापन झाले आणि १९९२ साली संसदेने कायदा केला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला.

या कायद्याने दूधबाटलीची आणि बाळाच्या दूधपावडरीची जाहिरात बंद केली. म्हणूनच टीव्हीवर साबणाची, डायपरची जाहिरात दिसते, बाटलीची दिसत नाही. त्याच कायद्यात एक कलम आहे, जे आम्हाला पिशव्या वाटताना माहीत नव्हते: अनाथाश्रमाखेरीज इतर कुणालाही बाटली किंवा दूधपावडर दान देणे, वाटणे याला मनाई आहे. शिक्षेत तुरुंगवासही आहे. आमचा हेतू चांगला होता, हे कायद्यापुढे उत्तर नाही. वाडीतल्या त्या मुलांच्या दातांपुढे तर नाहीच.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण दोन शब्दांची गल्लत होते. बाटली सोडवणे आणि दूध तोडणे एक नाही. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही, आईला व बाळाला हवे तोवर चालू राहावे. बाटली मात्र मुळात नसली तर उत्तम. असलीच तर पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास सुटायला हवी, फार तर दीड वर्षापर्यंत. काही आया उलट करतात. अंगावरचे तोडतात आणि बाटली ठेवतात, कारण कामावर जायचे असते.

दूध तोडणे ही आपल्या पवित्र शास्त्रातही लहान गोष्ट नाही. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली. हन्नेने शमुवेलाला मंदिरात नेले ते दूध तुटल्यानंतरच. त्याआधी तिने नवऱ्याबरोबर यात्रेला जायचे नाकारले आणि घरी राहून बाळाला पाजले. डिप्लोमाच्या वर्गात हे उतारे मी नवसाच्या आणि वचनाच्या अंगाने शिकले होते. वाडीत काम करायला लागल्यावर दुसरीच बाजू दिसली. हन्नेला घरी राहता आले. एल्काना म्हणाला, तुला बरे वाटेल तसे कर. आमच्या वाडीतल्या आईला असे म्हणणारा मुकादम नाही.

आता बाटली सोडवायची कशी, ते सांगते. आमची पहिली खटपट साफ फसली. आम्ही त्या मुलाच्या आजीला समजावले, तिने मान डोलावली, बाटली आमच्या स्वाधीन केली आणि आम्ही विजयी मुद्रेने परतलो. मुलाने त्या रात्री घर डोक्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी तो काही प्यायला नाही. तिसऱ्या दिवशी आजीने आठवड्याच्या बाजारातून नवी बाटली आणली. तिने बरोबरच केले. आम्ही बाटली काढून घेतली होती, बदल्यात तिथे काहीच ठेवले नव्हते.

दुसऱ्या वेळी आई घरी असलेल्या संध्याकाळी गेलो आणि आधी नुसते विचारले: दिवसात बाटली कधी कधी देता? उत्तर आले, सकाळी उठल्यावर, दुपारी झोपताना, संध्याकाळी आई यायच्या आधी, रात्री झोपताना, आणि रात्रीतून एक-दोनदा. या प्रत्येक बाटलीचे काम वेगळे होते. सकाळची भुकेची. दुपारची झोपेची. संध्याकाळची आईची वाट बघण्याची. रात्रीची सवयीची. जिचे जे काम, ते दुसऱ्या कशाने तरी झाले तरच ती सुटणार.

पहिला आठवडा आम्ही एकही बाटली बंद केली नाही. फक्त स्टीलचे एक छोटे फुलपात्र आणले, बोटभर पाणी घातले आणि मुलाच्या हातात खेळायला दिले. त्याने सांडले, अंगावर ओतले, बहिणीवर उडवले. सांडू दिले. सहा महिन्यांचे बाळही वाटीच्या कडेने पाणी प्यायला शिकू शकते. बावीस महिन्यांच्या मुलाला फक्त सराव नव्हता. झाकणाचे, चोचीचे महागडे प्लास्टिक कप बाजारात मिळतात. त्यांची गरज नाही. चोखायची सवय ते तशीच ठेवतात आणि धुवायलाही तितकेच कठीण.

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची बाटली गेली. तिच्या वेळेला भाताची पेज, त्यात मीठ आणि शिजवून कुस्करलेली डाळ, वाटीतून. भरवायला बहीण आणि शेजारची एक बाई. ही बाटली सगळ्यांत सोपी, कारण त्या वेळी मूल जागे असते, खेळत असते आणि वाडीत माणसे असतात. दिवसाच्या मधल्या बाटलीपासून सुरुवात करावी आणि झोपेची शेवटी ठेवावी, हा नियम बहुतेक घरांना लागू पडतो.

पुढे सकाळची. चहाऐवजी नाचणीचे सत्त्व किंवा रात्रीचा भात गरम करून, मऊ कालवून. चार-पाच दिवस मूल थोडे कमी खाईल, चिडेल. पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल आणि खेळत असेल तर घाबरायचे कारण नाही. भूक लागू देणे हा औषधाचाच भाग आहे. बाटल्या कमी झाल्या की ताटाकडे हात जातो. दहाव्या दिवशी त्या मुलाने बहिणीच्या ताटातली सुकट उचलून खाल्ली, हे आजीने मला दोनदा सांगितले.

दुपारची आणि रात्रीची बाटली अवघड. तिथे आम्ही पातळ करण्याचा उपाय वापरला. बाटलीतला चहा बंद. तीन-तीन दिवसांनी दुधात पाणी वाढवत न्यायचे, आणि खरे दूध जेव्हा मिळेल तेव्हा फक्त फुलपात्रातून. बाटलीत शेवटी नुसते पाणी उरले. पाण्याने दात किडत नाहीत, त्यामुळे पाण्याची बाटली आठ दिवस जास्त राहिली तरी बिघडत नव्हते. मग दुपारी झोपवताना बहिणीने पाठीवर थोपटायचे आणि हातात आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. रात्री आई स्वतः कुशीत घेई. रात्रीच्या दोन रात्री वाईट गेल्या. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले होते की मूल रडेल, ओरडू नका. वाडीत घरे एकमेकांना चिकटून असतात, शेजाऱ्याच्या बोलण्याला घाबरून अर्ध्या आया हार मानतात.

निपलाला मिरची किंवा कडू लावायचा सल्ला अनेक जण देतात. आम्ही तो देत नाही. ज्या वस्तूवर मुलाने दोन वर्षे विश्वास ठेवला तीच एके दिवशी चटका देते, याने मूल खाण्यालाही घाबरते. मूल आजारी असताना, नवे भावंड नुकतेच झाले असताना किंवा भट्टीवर जाण्याच्या आठवड्यात सुरुवात करू नये. म्हणून आमच्याकडे गौरी-गणपतीनंतर ते दिवाळीपर्यंतचा काळ बरा पडतो. लावणी आटोपलेली असते, नदीला मासे-खेकडे असतात आणि कुटुंब घरी असते. त्या मुलाला एकूण साडेपाच आठवडे लागले.

बाटलीच्या जागी काय द्यायचे, याची पोथी फार मोठी नाही. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. एका वेळी पाऊण ते एक मोठी वाटी. घरातलेच, मऊ करून, तिखट न घालता, वर चमचाभर तेल. डाळ-भात, नाचणीची भाकरी वरणात चुरून, अंडे, काटे काढलेला मासा, खेकड्याचा गर. कातकरी माणसाला मासा धरायचे कुणी शिकवावे लागत नाही. फक्त "एवढ्याशा पोराला मासा पचत नाही" ही समजूत काढावी लागते. अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायचा शिधा मिळतो. तो मागून घ्यावा आणि मुलालाच द्यावा, घरच्या भांड्यात मिसळू नये. चहा लहान मुलाला नकोच.

काही बाळांना वरचे दूध खरोखर लागते. आई वारली, आई गंभीर आजारी आहे, अशा वेळी. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. अशी बाळे आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातून कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात नेतो. पण दूध वरचे असले तरी ते वाटी-चमच्यानेच पाजायचे, अगदी नवजात बाळालाही.

आणि शहरातल्या वाचकांना एक प्रेमाचा चिमटा. गेल्या वर्षी एका मोठ्या मंडळीत अहवाल द्यायला गेले होते. मी वाडीतल्या बाटल्यांबद्दल बोलत होते आणि दुसऱ्या बाकावर तीन-साडेतीन वर्षांचा एक गोड मुलगा चॉकलेटी दुधाची बाटली तोंडात धरून माझ्याकडे बघत होता. त्याची आई उपासनेनंतर स्वतःच येऊन म्हणाली, "ताई, आमच्याकडे तर आजी-आजोबा, बाई, सगळे आहेत. तरी नाही जमत." तिला मी वरचेच सांगितले: कुठली बाटली कशासाठी, ते आधी शोधा. तिच्याकडे ती टीव्हीसमोर बसवण्यासाठी होती.

आमच्यासमोरची अडचण त्या आईपेक्षा वेगळी आहे. पद्धत आम्हाला आता माहीत आहे, हात कमी आहेत. सात वर्षांची मुलगी भावाला वाटीने भरवू शकते, पण मग तिची शाळा जाते. बाटली होती तेव्हाही जात होती. म्हणून या वाडीत पाच आज्यांनी पाळी लावली आहे. रोज दोघी एका घराच्या पडवीत बसतात, सहा-सात लहान मुले तिथे असतात, दुपारचे एक जेवण वाटीतून भरवले जाते. डाळ-तांदूळ आपल्या निधीतून. आजींना आम्ही दिवसाला थोडे मानधन देतो. एक आजी ते घेत नाही, तिला रोज दोन पाने आणि सुपारी पुरते. मुलगी दिवाळीपर्यंत शाळेत नियमित गेली.

दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर गेले. आजींची पडवी भट्टीवर नेता येत नाही. मी जानेवारीत तिथे गेले तेव्हा मनात धास्ती होती. मुलगा विटांच्या रांगेजवळ बसला होता, फुलपात्र त्याच्याजवळ, मातीने माखलेले. आईने ते धुतले आणि त्यातून त्याने पाणी प्यायले. वरचे दात तसेच आहेत. ते परत येणार नाहीत, नवे येईपर्यंत हसताना तसाच दिसेल. पण काळे पडणे पुढे सरकलेले नाही. वजन साडेआठशे ग्रॅमने वाढले होते. बहीण मात्र भट्टीवर होती, शाळेत नव्हती. आणि दोन झोपड्या सोडून एका आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात कोऱ्या चहाची बाटली होती. त्या आईशी बोलणे सुरू केले आहे. भट्टीमालकाकडे मुलांसाठी एक सावलीची जागा आणि सांभाळायला एक बाई मागितली आहे. त्याने नाही म्हटले नाही, हो-ही म्हटलेले नाही. यासाठी प्रार्थना करा.

पुढच्या खोक्यात काय पाठवावे, असे अनेक जण विचारतात. स्टीलच्या छोट्या वाट्या, चमचे, कडा गुळगुळीत असलेली छोटी फुलपात्रे, पाण्यासाठी झाकणाची कळशी आणि ओगराळे, मुलांचे मऊ दातब्रश. दूधपावडरीचे डबे, बिस्किटांचे पुडे, चोखण्या नकोत. पैशाने मदत करणार असाल तर आजींच्या पडवीसाठी असे लिहून पाठवा.

त्या सहा बाटल्या अजून कपाटात आहेत. पाठवणाऱ्या भगिनींना हे सगळे मी मागच्या आठवड्यात पुन्हा फोन करून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "फुलपात्रं किती हवीत?" मी पंचवीस सांगितली आहेत.